खारेपाटातील गोडे पाणी
पेण-रोहा परिसरातील विहिरींचा अभ्यास : ग्रामपंचायती व शाळा यांच्यासाठी एक पाठ

कोकणात पाऊस कमी पडतो, असे कोणी म्हणणार नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातील अनेक तालुक्यांच्या तुलनेत हे प्रमाण चौपट भरेल. तरीही चैत्र-वैशाखात पेण तालुक्याच्या खाडीकाठच्या गावांत पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जाते. जून ते सप्टेंबर अंगणात पाणी, आणि एप्रिल-मे महिन्यांत हंडा रिकामा, हा येथील लोकजीवनाचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. चहूकडे पाणी दिसत असूनही पिण्याजोगे पाणी मिळत नाही, कारण दिसणारे पाणी खाडीचे असते आणि विहिरीचे पाणी हळूहळू त्याच्याच चवीचे होऊ लागते.

अशा वेळी गावात एक सूचना हमखास पुढे येते : विहीर आणखी खोल करावी, किंवा शेजारीच विंधण विहीर घ्यावी. पठारावरील गावात ही सूचना कदाचित उपयोगी ठरेल. खारेपाटात मात्र तिच्यामुळे असलेले गोडे पाणीही गमावण्याचा संभव असतो. कोणत्या गावात कोणता उपाय योग्य, हे ठरविण्यासाठी विहिरीचा वर्षभर पद्धतशीर अभ्यास करणे आवश्यक आहे. हा अभ्यास मोठ्या यंत्रसामग्रीवाचूनही करता येतो. शाळेतील शिक्षक, ग्रामसेवक, जलसुरक्षक व पंचायत सदस्य यांनी मनावर घेतल्यास तो गावातच उभा राहू शकतो. तो कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भूमीची घडण

पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व १९८१ पासून रायगड हे नाव धारण करणाऱ्या या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून हा कातळ तयार झाला. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते साठते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, थरांमधील सच्छिद्र पट्ट्यांत आणि कातळाच्या भेगांत. त्यामुळे एका वाडीतील विहिरीला भरपूर पाणी आणि शे-दोनशे पावलांवरील विहीर कोरडी, असा प्रकार येथे सर्रास आढळतो. शिवाय भूमीचा उतार तीव्र असल्याने पावसाचे बहुतांश पाणी काही तासांतच ओढ्यानाल्यांतून खाडीकडे धाव घेते. तीन हजार मिलिमीटर पावसाचे गाव उन्हाळ्यात तहानलेले का राहते, याचे पहिले उत्तर येथे मिळते.

पेण तालुक्याची पूर्व बाजू डोंगराळ आहे. पश्चिमेकडे भूमी सपाट होत धरमतरच्या खाडीला भिडते. वाशी, शिर्की, वढाव, भाल, विठ्ठलवाडी, नारवेल ही गावे या सपाट पट्ट्यातील होत. हाच पेणचा खारेपाट. खाडीचे पाणी बाहेर ठेवण्यासाठी बाहेरकाठे बांधून आणि पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाड्या ठेवून ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीखाली आणली गेली. १९४८ चा खार जमीन कायदा आणि त्यानंतरचा १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम यांमुळे या बंदिस्तीच्या कामाला शासकीय आधार लाभला. बाहेरकाठ्याला खांड पडून उधाणाचे पाणी आत शिरले, तर भातपिकाबरोबर गावाचे तळे व विहीरही खारावतात. म्हणून बांधाची देखभाल ही केवळ शेतीची बाब नसून पिण्याच्या पाण्याचीही बाब आहे.

रोहा तालुक्याची स्थिती थोडी निराळी आहे. येथे कुंडलिका ही मुख्य नदी, तर नागोठण्याच्या बाजूस अंबा नदी. घाटमाथ्यावरील मुळशी धरणाचे पाणी १९२७ साली सुरू झालेल्या भिरा येथील जलविद्युत केंद्रात वापरले जाते व तेथून ते कुंडलिकेत येते. डोलवहाळ येथील बंधाऱ्यावरून पुढे ते कालव्यांद्वारे शेतीला मिळते. त्यामुळे कोकणातील इतर नद्या उन्हाळ्यात आटत असता कुंडलिकेचा वरचा भाग वाहता राहतो आणि कालव्यालगतच्या विहिरींना झिरपलेल्या पाण्याचा आधार मिळतो. परंतु रोहा शहराच्या खाली नदी खाडीचे रूप घेते व रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. त्या पट्ट्यातील गावांची अवस्था पेणच्या खारेपाटाशी मिळतीजुळती आहे.

बेट आणि गोड्या पाण्याचे भिंग

खाडी, बांध आणि खारी शेते यांनी वेढलेले खारेपाटातील गाव नकाशावर बेट नसले, तरी पाण्याच्या दृष्टीने ते बेटच होय. म्हणून बेटांवरील भूजलाचा नियम समजून घेणे उपयुक्त ठरते.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. वालुकामय बेटावर पडणारे पावसाचे पाणी जमिनीत मुरते, तेव्हा ते खाऱ्या पाण्यावर तरंगते. त्याचा आकार मध्यभागी जाड व कडेला पातळ अशा भिंगासारखा असतो. हॉलंडमधील बाडोन गायबेन यांनी १८८८-८९ च्या सुमारास व जर्मनीतील हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे याविषयीचा नियम मांडला. त्यानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असेल, तर तेथे समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते.

या नियमाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. उपशामुळे वरची पातळी अर्ध्या मीटरने खाली गेली, तर खालून खारे पाणी सुमारे २० मीटर वर चढू शकते. वर दिसणारी घट किरकोळ असते. खाली होणारी हानी मात्र चाळीसपट असते. शक्तिशाली पंपाने पाणी खेचल्यास विहिरीच्या तळाशी खारे पाणी सुळक्यासारखे वर येते. विहीर खोल खणणे म्हणजे या खाऱ्या थराच्या अधिक जवळ जाणे होय.

लक्षद्वीपच्या प्रवाळ बेटांवर हे भिंग अवघे काही मीटर जाडीचे असते व तेथील लोकांचे जीवन त्यावर अवलंबून असते. ते अपुरे पडू लागल्याने २००५ मध्ये कवरत्ती येथे समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी तयार करणारा प्रकल्प उभारण्यात आला. रायगड जिल्ह्यात मात्र पूर्वजांनी निराळी वाट चोखाळली होती. मुरूडजवळचा जंजिरा आणि अलिबागचा कुलाबा किल्ला हे दोन्ही समुद्रात. पण दोहोंत गोड्या पाण्याची तळी आहेत. घारापुरी बेटावरील लेण्यांतही कातळात खोदलेली टाकी दिसतात. याला लोक चमत्कार मानतात. तथापि, त्यामागील तत्त्व साधे आहे : पावसाचे पाणी वरच्या वर धरून ठेवावयाचे, खोल जाऊन शोधावयाचे नाही. खारेपाटातील जुन्या गावतळ्यांमागेही हीच समज होती.

वरील नियम पेण-रोह्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तो वाळूसारख्या एकजिनसी भूमीसाठी आहे. खारेपाटात वर खाडीच्या गाळाची चिकणमाती व खाली भेगाळ कातळ अशी रचना असते. चिकणमाती पुष्कळ पाणी धरून ठेवते. परंतु ते सहजी सोडत नाही. पूर्वी भरतीखाली असताना तिच्यात शिरलेले मीठही दीर्घकाळ तसेच राहते. खालच्या कातळातील एखादी भेग खाडीशी जोडलेली असेल तर विंधण विहिरीला पहिल्याच दिवशी खारे पाणी लागते; ती डोंगराकडून येत असेल तर गोडे पाणी लागण्याची शक्यता असते. अर्थात कोणत्या विहिरीत खारेपणा कोणत्या मार्गाने येतो, हे सूत्रावरून सांगता येत नाही. ते त्या त्या विहिरीच्या नोंदींवरूनच कळते.

मिठाचा हिशेब

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, म्हणजे १९,००० मिलिग्रॅम असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. १०५००) क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १,००० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेता येते. एकूण विद्राव्य क्षारांसाठी हेच आकडे अनुक्रमे ५०० व २,००० मिलिग्रॅम असे आहेत.

आता साधे गणित करून पाहावे. शंभर घागरी गोड्या पाण्यात दीड घागर समुद्राचे पाणी मिसळले, तर क्लोराइड इष्ट मर्यादेच्या पलीकडे जाते. साडेपाच घागरी मिसळल्यास चालवून घेण्याजोगी मर्यादाही संपते. पाण्याचा खारटपणा जिभेला साधारणतः २५० मिलिग्रॅमच्या आसपास जाणवू लागतो. म्हणजेच पाणी खारट लागते, अशी पहिली तक्रार येते तेव्हा इष्ट मर्यादा ओलांडली गेलेली असते. शिवाय रोज तेच पाणी पिणाऱ्याच्या जिभेला त्याची सवय होते. म्हणून चवीवर विसंबणे योग्य नव्हे, मोजमापच हवे.

बारमाही नोंदवही

या अभ्यासाचे मुख्य साधन म्हणजे एक जाड नोंदवही. एका विहिरीला निदान बारा पाने ठेवावीत. गावातील सर्व विहिरी घेणे शक्य नसेल, तर खाडीच्या बांधाजवळची एक, गावाच्या मध्यावरील एक आणि डोंगराच्या बाजूची एक अशा तीन विहिरी निवडाव्यात. या तिहींची तुलना हीच अर्धे उत्तर देते.

प्रथम विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करावी. दर वेळी याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजावे व त्यातून कठड्याची उंची वजा करावी. राज्यात १९७२ पासून कार्यरत असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. गावाने ती दरमहा मोजावी, म्हणजे बदलाचा वेग लक्षात येईल. मोजणी सकाळी, उपसा सुरू होण्यापूर्वी करावी.

दुसरी नोंद खारेपणाची. पाण्याची विद्युतवाहकता दाखविणारे खिशात मावेल एवढे उपकरण हल्ली अल्प खर्चात मिळते. त्यावर येणाऱ्या आकड्यास साधारणतः ०.६५ ने गुणले असता लिटरमधील विद्राव्य क्षारांचा अंदाज मिळतो. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण व पोटॅशियम क्रोमेट हे दर्शक वापरून क्लोराइडही काढता येते. पिवळ्या द्रावणाला विटकरी छटा येताच अनुमापन थांबवावयाचे असते. आपल्याच गावच्या विहिरीचे पाणी घेऊन केलेला हा प्रयोग विद्यार्थी सहसा विसरत नाहीत.

तिसरी नोंद भरती-ओहोटीची. खाडीकाठच्या लोकांना याचे ज्ञान परंपरेने असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ निघते, हा कोळी बांधवांचा हिशेब सर्वश्रुत आहे. त्यानुसार अष्टमीस ती सहाच्या सुमारास येते. खाडीत आतवर ती थोडी उशिरा पोहोचते, एवढे ध्यानात ठेवावे. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांग असतो. वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्यानंतर एकदा व मे महिन्यात एकदा, बांधाजवळच्या विहिरीची पातळी व खारेपणा उधाणाच्या भरतीस आणि लगेचच्या ओहोटीस असे दोन्ही वेळा मोजावेत. भरतीबरोबर विहिरीची पातळी हलत असेल, तर तिचा भेगांवाटे खाडीशी संबंध आहे, असे समजावे.

याशिवाय पावसाचा पहिला दिवस, बांधाला खांड गेल्याचा दिवस, जवळ नवी विंधण विहीर झाल्यास तिची तारीख आणि रोहा भागात कालव्याचे आवर्तन सुरू व बंद झाल्याच्या तारखा नोंदवाव्यात. आकड्यांचा अर्थ पुष्कळदा या नोंदींतच सापडतो.

गोडे म्हणजे निर्धोक नव्हे

खारे पाणी जिभेला कळते. जंतू कळत नाहीत. खारेपाटात गोड्या पाण्याची विहीर मिळाली, की तिच्यावर सारे गाव लोटते. कपडे, भांडी, गुरे सर्व काही तिच्या काठी येते आणि तीच विहीर दूषित होण्याचा धोका वाढतो. कातळाच्या भेगांतून घाण पाणी न गाळता थेट झऱ्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून विहीर शौचखड्डा, उकिरडा व गोठा यांपासून निदान १५ मीटर दूर असावी. वरचा सुमारे ६ मीटर भाग पक्क्या बांधणीचा, कठडा ७० ते ७५ सेंटिमीटर उंच व सभोवती एक मीटर रुंदीचा, बाहेर उतार दिलेला ओटा असावा. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू मुळीच आढळता कामा नये. तसेच नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. नायट्रेटची ही मर्यादा तान्ह्या बाळांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

गावात करता येण्याजोगी जंतुपरीक्षा म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची बाटली. ही पद्धती भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीत ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवावी. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडल्यास ते मैलामिश्रित असल्याचा संशय घ्यावा व नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा. प्रयोगशाळेकडे जंतुपरीक्षेसाठी जाणारा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा व बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा. घरातील धुतलेली बाटली या कामी चालत नाही.

शुद्धीकरणासाठी गावोगावी टी.सी.एल. पावडर वापरतात. परंतु बारा महिने त्याच मापाने ती टाकण्याची प्रथा चुकीची आहे. हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर, हे सर्वसाधारण प्रमाण होय. समजा, विहिरीचा व्यास ३ मीटर व ऑगस्टमध्ये पाण्याची खोली ४ मीटर आहे. व्यासाचा वर्ग गुणिले ३.१४, भागिले ४ आणि गुणिले खोली, या हिशेबाने २८.२६ घनमीटर, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर पाणी होते व त्यास सुमारे ७० ग्रॅम पावडर लागते. मे महिन्यात खोली १ मीटर उरली, तर पाणी सुमारे ७ हजार लिटर व पावडर १८ ग्रॅम पुरेशी होते. उन्हाळ्याचे माप पावसाळ्यात टाकल्यास विहीर असुरक्षित राहते. पावसाळ्याचे माप उन्हाळ्यात टाकल्यास पाण्याला वास येतो आणि लोक ते पाणी सोडून असुरक्षित स्रोताकडे वळतात. पातळीची नोंदवही येथेही उपयोगी पडते, ती अशी.

पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी विहिरीत सोडावी व गाळ दूर फेकावा. निदान एक तास पाणी भरू देऊ नये. त्यानंतर ओ.टी. परीक्षा करावी. पिवळी छटा आल्यास पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे, असे समजावे; लिटरला अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन असणे इष्ट होय. ओ.टी.चे द्रावण अंगाला लागू देऊ नये व परीक्षा केलेले पाणी पिऊ नये. उघड्या पोत्यातील पावडरची शक्ती लवकर नष्ट होते, हेही ध्यानी घ्यावे. पुरानंतर तर ही दक्षता दुप्पट हवी. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा व नागोठणे परिसरात हाहाकार उडविला होता. पुराचे पाणी शिरलेली विहीर उपसून, गाळ काढून, जंतुनाशक टाकून व पुन्हा तपासूनच वापरात आणावी.

रोह्याचा निराळा प्रश्न

रोहा तालुक्यात धाटाव येथे रासायनिक उद्योगांची मोठी वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील ज्या ५३ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत कुंडलिकेचाही समावेश होता. नदीचे पाणी आणि काठच्या विहिरीचे पाणी एकच नसते. पण उपशामुळे विहिरीची पातळी नदीच्या पातळीखाली गेली, की नदीचे पाणी विहिरीकडे ओढले जाऊ शकते. म्हणून नदीकाठच्या विहिरींच्या बाबतीत नदीची पातळी व विहिरीची पातळी यांची तुलना अगत्याची ठरते.

औद्योगिक द्रव्यांचा शोध गावातील साध्या संचाने लागत नाही. जड धातू वा सेंद्रिय रसायने यांसाठी प्रयोगशाळाच हवी. तथापि पाण्याचा रंग, वास, फेस, आम्लता यांत अचानक बदल झाला, तर दिनांक व वेळ लिहून नमुना त्याच दिवशी घेणे गावाच्या हाती आहे. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ पासून अस्तित्वात आहे. तारीखवार नोंद व वेळेवर घेतलेला नमुना यांच्या आधारे केलेल्या तक्रारीची चौकशी करणे संबंधित यंत्रणेसही सुकर होते. आठवणीवर आधारलेल्या तक्रारीस हे बळ नसते.

नोंदींचे वाचन

वर्ष पूर्ण झाल्यावर पातळी व खारेपणा यांचे दोन आलेख एकाखाली एक काढावेत. शाळेच्या आलेख-कागदावर हे काम होऊ शकते. त्यांतून साधारणतः तीन प्रकार दिसतील.

पहिला प्रकार : पातळी खाली जाते, पण खारेपणा फारसा बदलत नाही. ही विहीर डोंगराकडील पाण्यावर पोसलेली आहे. येथे अडचण साठ्याची आहे. वरच्या अंगाला चर, बंधारे, वनराई यांच्या साहाय्याने पाणी मुरविल्यास लाभ होईल. गाळ काढणे वा मर्यादित खोलीकरण यांचा विचार भूवैज्ञानिकाच्या सल्ल्याने येथेच करावा.

दुसरा प्रकार : पातळी खाली जाते तसतसा खारेपणा चढतो आणि पावसानंतर पुन्हा उतरतो. येथे गोड्या पाण्याचा थर पातळ आहे. ही विहीर खोल करू नये. मोठा पंप बसवू नये. थोडे थोडे, अनेक ठिकाणांहून व विश्रांती देऊन पाणी काढावे. हे पाणी केवळ पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखून ठेवावे. पूर्वी रहाटाने व पोहऱ्याने उपसल्या जाणाऱ्या विहिरी गोड्या राहत, पंप आल्यावर त्या खारावल्या, असे वृद्ध मंडळी सांगतात, त्यात तथ्य असू शकते.

तिसरा प्रकार : खारेपणा बारमाही अधिक असून पावसानेही तो फारसा उतरत नाही. हे जुन्या गाळातील मीठ अथवा खाडीशी थेट संबंध यांचे लक्षण होय. अशा विहिरीवर किंवा तेथील विंधण विहिरीवर पुन्हा पैसा खर्च करणे व्यर्थ आहे. गावाने बाहेरून येणारे नळपाणी, पक्क्या बांधाचे गावतळे व छपरावरील पावसाच्या पाण्याची साठवण यांकडे वळावे. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर तीन लाख लिटर पाणी येते. त्यातील अल्प भाग जरी टाकीत धरला, तरी शाळेचा किंवा अंगणवाडीचा उन्हाळ्यातील पिण्याचा प्रश्न सुटू शकतो.

पंचायतीची जबाबदारी

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले व गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद केली. पेणच्या खारेपाटासाठी शहापाडा धरणावरील प्रादेशिक योजना आहे. याच तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईकडेही जाते व त्यातील वाटा खारेपाटाला मिळावा, ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु नळ आला म्हणजे विहीर बुजवावी, असे नव्हे. योजना एखाद दिवस बंद पडली, वाहिनी फुटली वा शेवटच्या गावापर्यंत दाब पोहोचला नाही, तर गावाला आधार विहिरीचा व तळ्याचाच असतो. नळ आल्यानंतर निगा न राहिलेले तळे पुन्हा पिण्यायोग्य करणे हे ते सांभाळण्यापेक्षा किती तरी कठीण काम आहे.

स्रोतांच्या रक्षणासाठी राज्याने १९९३ मध्ये कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. त्यापुढील, भूजलाच्या व्यवस्थापनाचा व्यापक विचार करणारा २००९ चा अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. पंचायतींनी या तरतुदींची माहिती ग्रामसभेत द्यावी. जोखमीनुसार पंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहे. कार्डाचा रंग बदलावा असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात विहिरीच्या ओट्यापासून करावी लागते.

ग्रामसभेपुढे आलेख ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. विहीर कोणाची, पंप कोणाचा, यावरून खारेपाटात वाद होतात. एका शेताला पाणी मिळते आणि दहा घरांचे पिण्याचे पाणी खारट होते, हे तोंडी सांगितल्यास आरोप वाटतो. बारा महिन्यांचे आकडे समोर असले, म्हणजे तो आरोप न राहता सर्वांना दिसणारी वस्तुस्थिती होते व समजुतीचा मार्ग निघतो.

खारेपाटातील गोडे पाणी हे अक्षय्य नाही. दर पावसाळ्यात थोडे जमणारे आणि उरलेल्या आठ महिन्यांत जपून खर्च करावयाचे असे ते धन आहे. पूर्वजांनी समुद्रातील किल्ल्यांवर तळी बांधून हे धन सांभाळले. आज मोजपट्टी, छोटे उपकरण व नोंदवही एवढ्या साहित्यानिशी प्रत्येक गाव आपल्या विहिरीचा जमाखर्च ठेवू शकते. पुढील पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कठड्यावर रंगाची खूण करून हे काम सुरू करावे. पुढच्या वर्षी विहीर खोल करण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा ही नोंदवही उघडून मगच त्यावर हात वर करावेत.